वरची रिकामी जागा

चांगदेव सरांची एक बढाई तळवली गावात सगळ्यांना तोंडपाठ होती. शाळेत चौतीस वर्षं आणि घरी चार वर्षं मुलं शिकवली, पण एकही माझ्यासारखं चित्र काढत नाही, असं ते छाती पुढे काढून सांगत. ऐकणाऱ्याला प्रश्न पडे, यात कौतुक कसलं? सुताराचा पोरगा सुतारासारखा रंधा मारतो, मग ह्यांचीच पोरं वाया गेली म्हणायची. पण सरांचं गणित उलटं होतं. ज्याची पोरं त्याच्यासारखीच काढतात तो मास्तर नव्हे, झेरॉक्सचं दुकान, असं त्यांचं म्हणणं. कुणाच्या कागदावर दुसऱ्याची सावली जरी दिसली तरी तो कागद ते उलटा करून ठेवत आणि पुन्हा काढायला लावत.

बेलापूरच्या एका शाळेत ते चित्रकलेचे शिक्षक होते. ग्रेड परीक्षांसाठी त्यांनी शेकडो पोरांकडून कळश्या, फुलदाण्या आणि केळी काढून घेतली, आणि घरी येऊन स्वतः मात्र असं काही काढलं की त्याला ना कळशी म्हणता येई ना केळं. नुसते रंग, नुसते आकार. "ह्याच्यान हाय काय?" असं भाऊबंद विचारत. सुरुवातीला सर त्यांना समजावून सांगत. मग एक दिवस कंटाळून त्यांनीच विचारलं, "हळदीला बेंजो वाजतो तवा तुमी नाचता ना? तवा इचारता का, ह्याच्यान हाय काय?" त्यानंतर भाऊबंदांनी चित्रांचा विषय सोडला आणि नाचायचं चालू ठेवलं.

सरांचं घर म्हणजे गावातल्या इतर घरांसारखंच एकावर एक चढलेलं. खाली हार्डवेअरचं दुकान, मधल्या दोन मजल्यांवर भाडेकरू, आणि सगळ्यात वर पत्र्याखाली एक लांबलचक खोली. तिथे ते चित्रं काढत आणि शनिवार-रविवार वर्ग घेत. सहा-सात जण यायचे, कुणी बँकेतून, कुणी कॉलेजातून. चित्राच्या पुढच्या बाजूला सही करायला तिथे बंदी होती. पुढे नाव टाकलं की लोक नावच बघत बसतात, म्हणून नाव आणि तारीख मागे लिहायची, सरांनीसुद्धा. शिवाय पहिल्या वर्षाचे कागद कुणी घरी न्यायचे नाहीत. ते सरांकडे फोल्डरमध्ये राहत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर सर लाल पेन्सिलीने आपला शेरा लिहीत. शेऱ्यात कौतुक शोधून सापडत नसे.

ह्या वर्गात सगळ्यात कमी बोलणारी होती संघप्रिया. तिचे आईवडील मूळचे परभणीकडचे, आता राहायला करंजाडेत. ती बेलापूरला एका वकिलाच्या ऑफिसात फायली सांभाळायची आणि शनिवारी दोन वाहनं बदलून तळवलीला यायची. साडेतीन वर्षांत तिने वर्ग क्वचितच चुकवला. खोलीच्या डाव्या भिंतीला मुलांचे कॅनव्हास टेकवलेले असत, उजव्या भिंतीला सरांचे. सगळे एकाच मापाचे, कारण सर एकदम आणत आणि मुलांना त्यातलेच देत.

तर त्या दिवसांत सरांचं नशीब जोरावर होतं. मुंबईत गॅलरी चालवणारा कुलदीप नावाचा एक तरुण त्यांच्या नव्या चित्रांवर फिदा झाला होता. सरांची जुनी चित्रं काठोकाठ भरलेली असत, निळ्या-काळ्या रंगाचे थरावर थर, बोटही शिरायला जागा नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात अचानक बदलला. सगळी गर्दी चित्राच्या खालच्या भागात दाबून बसली आणि वरचा तीन चतुर्थांश कॅनव्हास फिकट, मोकळा राहू लागला. कुलदीप म्हणाला, "सर, साठीनंतर माणूस एवढा मोकळा होतो हे मी पहिल्यांदाच बघतोय." सरांनाही ते पटलं होतं. आपल्याबद्दलचं चांगलं बोलणं त्यांना नेहमीच लवकर पटायचं. तीन आठवड्यांनी अठरा चित्रांचं प्रदर्शन ठरलं, आयुष्यातलं पहिलंच एवढं मोठं. सतरा झाली होती. अठरावं अर्धवट असताना पुतण्याची हळद आणि लग्न निघालं, आणि सर तीन दिवस वर फिरकले नाहीत.

शनिवारी सकाळी ते चहा न घेताच वर गेले. कुलदीप पुढच्या आठवड्यात चित्रं बघायला येणार म्हणून त्यांच्या बायकोने, पुतळाबाईंनी, आदल्या दिवशी खोली धुऊन पुसून लख्ख केली होती. उजव्या भिंतीशी अर्धवट कॅनव्हास उभा होता. सरांनी तो ईझलवर चढवला आणि चार पावलं मागे सरकून बघितला.

"अरे वा," ते स्वतःशीच म्हणाले, "आपण एवढं चांगलं सोडून गेलो होतो?"

खरोखरच ते त्यांच्या आठवणीपेक्षा कितीतरी चांगलं होतं. तीन दिवस नजरेआड ठेवलं की चित्र पिकतं, असा त्यांनी ताबडतोब एक सिद्धांत काढला आणि तो वर्गात सांगायचं ठरवलं. मग खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली, भिंतीला लांबी भरायची पत्र्याची पट्टी त्यांनी हातात घेतली. खालच्या काळसर गर्दीत गेरूसारखा लाल भरला, पट्टीने आडवा ओढला, पुन्हा भरला. वर एक पांढरी रेघ काढली आणि कडेपर्यंत न नेता मधेच सोडली. हात कुठे अडला नाही. दोन तास कसे गेले कळलंच नाही. असं काम हातून व्हायला माणसाला आयुष्यभर वाट बघावी लागते, आणि ते झालं हे त्यांना त्याच क्षणी कळलं. सर मनापासून सुखावले.

तारीख टाकायला त्यांनी कॅनव्हास अलगद फिरवला. मागे लाकडी चौकटीवर पेन्सिलीने आधीच नाव होतं: संघप्रिया.

पहिला विचार त्यांच्या मनात आला तो असा, की ह्या पोरीने माझ्या कॅनव्हासवर आपलं नाव का लिहिलं? माणूस असाच असतो, पहिल्यांदा दुसऱ्यावरच जातो. मग ते डाव्या भिंतीकडे गेले. मुलांच्या कॅनव्हासमध्ये, खोली पुसताना इकडचं तिकडे झालेलं, त्यांचं स्वतःचं अर्धवट चित्र उभं होतं. त्यांनी ते बाहेर काढलं आणि तिच्या चित्राशेजारी ठेवलं. तेच गच्च खाली, तेच मोकळं वर, तोच फिका राखाडी. फरक एवढाच होता की त्यांचं फिकं पडत होतं.

अकरा वाजता संघप्रिया आली. वर्गाला अजून तासभर होता, पण ती नेहमीच लवकर यायची. तिने पाठीवरची बॅग उतरवली आणि ईझलकडे बघून जागच्या जागी थांबली.

"सर, हे माझं आहे ना? ह्यावर लाल कुठून आला?"

"चूक झाली," सर म्हणाले.

एवढं बोलून ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण चौतीस वर्षं ज्याने दुसऱ्याला चुका दाखवल्या, त्याला स्वतःच्या चुकीपाशी उभं राहायची सवय नसते. त्यांचा आवाज चढला, आणि राग आला की शाळेतली भाषा गळून पडायची ती पडली.

"पन चूक का झाली त्ये सांग. आजपातुर माझा हात कुनाच्या कागदावर गेला नाय. आज गेला! मी सोता बगून मना वाटला ह्यो माझाच हाय. म्हंजे काय? तू माझी नक्कल करतेस, संघप्रिया. माझ्याच खोलीत बसून, माझीच."

ह्यालाच चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण ते सरांना अजून ठाऊक नव्हतं.

संघप्रिया रडली नाही की भांडली नाही. तिने नुसतं विचारलं, "कधीपासून, सर?"

"काय कधीपासून?"

"नक्कल. कधीपासून करते असं वाटतं तुम्हाला?"

"माझं नवीन काम सुरू झालं तेव्हापासून. दोन वर्षं झाली असतील."

तिने मान हलवली. मग ती कोपऱ्यातल्या रॅककडे गेली आणि फोल्डरांच्या थप्पीतून आपलं फोल्डर ओढून काढलं. त्यातले पाच कागद तिने फरशीवर ओळीने मांडले. पाचही कागदांवर गर्दी तळाशी बसलेली होती आणि वर कागद जवळजवळ कोरा होता. शेवटच्या कागदावर एक रेघ होती, कडेपर्यंत न पोचता मधेच सुटलेली.

"मागं बघा," ती म्हणाली.

सर गुडघ्यावर बसले आणि एकेक कागद उलटा करू लागले. तारखा तीन वर्षांपूर्वीच्या होत्या. अक्षर त्यांचंच होतं, लाल, ठसठशीत. पहिल्यावर लिहिलं होतं, "खालची गर्दी ठीक. वर एवढी रिकामी जागा कशासाठी? कागद पुरा वापर." दुसऱ्यावर, "पुन्हा तेच." तिसऱ्यावर, "घाबरू नकोस. भर." चौथ्यावर, "वर काहीच सुचत नाही का?" पाचव्यावर शेराच नव्हता, नुसती बरोबरची खूण होती. बहुधा तोवर ते तिला सांगून थकले होते.

त्यांनी पाचही कागद पुन्हा सुलटे केले. मग उजव्या भिंतीला टेकवलेल्या आपल्या सतरा चित्रांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिने तीन वर्षांपूर्वी जे केलं आणि ज्याला त्यांनी चूक ठरवलं, तेच त्यांनी वर्षभराने उचललं होतं, आणि उचलताना आपण उचलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना लाज वाटली. इतकी, की फरशीवरून उठावंसंच वाटेना.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिलं केलंत ना, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

संघप्रियाने कागद गोळा करायला सुरुवात केली. "मला वाटलं तुम्हाला माहितीये," ती म्हणाली. "तुम्ही कधी कुणाला चांगलं म्हणत नाही ना, सर. मला वाटलं, हे तुमचं चांगलं म्हणणं आहे. मी घरी जाऊन आईला पण सांगितलं, सरांना माझं आवडलं म्हणून."

तिने फोल्डर जागेवर ठेवलं, बॅग उचलली आणि पुढच्या शनिवारी येते म्हणून निघून गेली. बाकीच्या मुलांना सरांनी फोन करून वर्ग नाही म्हणून कळवलं.

दुपारी पुतळाबाई जेवण घेऊन वर आल्या तेव्हा सर सतरा चित्रं भिंतीला ओळीने लावून समोर खुर्ची टाकून बसले होते.

"काय झाला? तोंड कसा उतरलाय तुमचा," पुतळाबाईंनी विचारलं.

सरांनी सांगितलं, काही न लपवता. चाळीस वर्षांच्या संसारात पुतळाबाईंनी नवऱ्याच्या चित्रांबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. त्यांनी ताट स्टुलावर ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"मंग? पोरीचा घेतला तं सांगावा तिचा हाय म्हनून. शेजारनीच्या झाडाच्या शेंगा आनल्या तं आपन जेवताना सांगतो ना, अमकीच्या झाडाच्या हायत? भाजी तं आपलीच असते. सांगला तं काय भाजी कडू व्हते?"

आणि त्या खाली गेल्या. सर जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी परीक्षकाचा चष्मा चढवला, तोच, ज्यातून त्यांनी हजारो कागद पाहिले होते, आणि आपल्याच चित्रांना गुण द्यायला बसले. हे काम सोपं नव्हतं. एकेका चित्रापुढे ते थांबत आणि विचारत, ह्यात पोरीचं किती आणि माझं किती? सहा चित्रांत त्यांना आपलं काही सापडेना. ती त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली. उरलेल्या अकरांत मात्र ते तिच्या जागेवरून निघून कुठेतरी पुढे गेले होते, जिथे ती गेली नव्हती आणि गेलीही नसती. अकराव्याला गुण देताना त्यांची पाठ पुन्हा ताठ झाली. जे चुकलं ते चुकलं, पण अकरा चित्रं कुणी दान दिली नव्हती.

त्यांनी कुलदीपला फोन लावला.

"अठरा नाहीत. अकरा आहेत."

"सर, काय बोलताय? हॉल किती मोठा आहे माहितीये ना? रिकामा दिसेल."

"दिसू दे. रिकामं चांगलं दिसतं, मला कळायला उशीर लागला एवढंच. आणि दाराजवळ माझी माहिती लावणार आहेस ना, तिच्यात पहिलं वाक्य घाल. लिहून घे. 'ह्या चित्रांची वाट मला माझी विद्यार्थिनी संघप्रिया हिच्या कागदांवर सापडली. तेव्हा मी त्या कागदांना नापास केलं होतं.'"

"सर, असं कुणी लिहितं का? तुमच्या वयाचा आर्टिस्ट, पहिला मोठा शो. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते ऐकायला मी रोज हॉलमध्ये हजर आहे. तू छाप."

कुलदीपने छापायचं कबूल केलं, जरा नाराजीनेच. सरांनी फोन ठेवला, आणि त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

पुढच्या शनिवारी संघप्रिया नेहमीसारखी लवकर आली. सरांनी तिला छापायला पाठवलेला मजकूर दाखवला. तिने तो दोनदा वाचला. तिचे कान लाल झाले.

"नापास नव्हतं केलंत," ती म्हणाली. "शेरा लिहिला होता नुसता."

"माझा शेरा म्हणजे नापासच. राहू दे ते वाक्य तसंच."

मग ते ईझलपाशी गेले. तिचा कॅनव्हास अजून तिथेच होता, त्यांच्या लालासकट. आठवडाभर त्यांनी त्याला हात लावला नव्हता, पण जाता-येता बघितलं मात्र होतं. दर वेळी त्यांना तेच वाटलं होतं, की एवढं चांगलं आपण ह्यापूर्वी काही केलं नाही.

"हे तुझं आहे," ते म्हणाले. "माझ्या दोन तासांसकट. माझी भरपाई समज. तुझ्या नावाने कुठेही पाठव, मी कुणाला काही सांगणार नाही. चांगलं झालंय ते."

संघप्रिया चित्रासमोर उभी राहिली. जवळ गेली, लाल जिथे काळ्यात शिरत होता तिथे बोट फिरवलं, पुन्हा मागे आली. तिला घाई नव्हती.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "मी केलं असतं ना सर, त्याच्यापेक्षा पण चांगलं झालंय."

"मग?"

"म्हणूनच काढायला पाहिजे. हे असंच राहिलं तर मी पुढचं पण असंच करीन. नंतर मला कळणार पण नाही की हे तुमचं होतं."

सर तिच्याकडे बघत राहिले. चौतीस अधिक चार वर्षांत जे त्यांनी वर्गावर्गातून घसा फोडून सांगितलं, ते ती पोरगी हळू आवाजात, त्यांनाच सांगत होती. त्यांना अभिमान वाटला आणि तो लाल जाणार याची हळहळही, दोन्ही एकदम.

"वाळलाय," ते म्हणाले. "सहज निघायचा नाही. थांब."

ते खाली जाऊन कोमट पाण्याची बादली आणि दुकानातून दोन पॉलिशपेपर घेऊन आले. घासताना कॅनव्हास मागे दबू नये म्हणून त्याच्या पाठीला प्लायवूडचा तुकडा धरावा लागतो. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि ईझलच्या मागे उभे राहिले. तिथून त्यांना चित्र दिसत नव्हतं, तिचा चेहरा तेवढा दिसत होता. संघप्रियाने त्यांचीच पत्र्याची पट्टी कॅनव्हासवर घासली, आणि तो जोर फळीतून थेट त्यांच्या तळव्यांत आला. दुसऱ्यांदा आला. जाड लाल पापुद्रे निघून खाली फरशीवर पडू लागले. कुठला भाग निघतोय हे त्यांना हाताला कळत होतं. आधी उजवीकडचा कोपरा, मग मधला, जिथे त्यांनी रंग तीनदा ओढला होता. तिथे ती थांबली.

"सर, वाईट वाटतंय?"

"खूप," सर म्हणाले. "थांबू नकोस. मी धरलंय घट्ट."

तिने पट्टी बादलीत बुडवून घेतली आणि मधला लाल काढायला घेतला.